एक्सएमएल कॉन्फिग फाइलमधली मराठी बिघडली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणी, जालना या पट्ट्यातल्या आडत दुकानांत, पतसंस्थांत आणि सेवा केंद्रांत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांमागची अडचण एकच असते. दुकानाचं नाव, मालाची नावं, पट्टीवरचे मथळे मराठीत हवे म्हणून कोणीतरी कॉन्फिग फाइल (सॉफ्टवेअरच्या सेटिंग एक्सएमएलमध्ये, म्हणजे कोनी कंसांच्या टॅगमध्ये लिहिलेली फाइल) उघडली, दोन शब्द बदलले, सेव्ह केली आणि सॉफ्टवेअर चालूच होईना. या पानावरचे आकडे मराठीत छापले आहेत. फाइलमध्ये मात्र ते इंग्रजी अंकांतच (0, 1, 2) टाइप करायचे. का, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

१. एन्कोडिंग म्हणजे नेमकं काय? फाइलमध्ये तर सरळ मराठीच लिहिलेलं असतं ना?

फाइलमध्ये अक्षरं नसतात, बाइट असतात, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे. कोणत्या आकड्यांचं कोणतं अक्षर करायचं, हे ठरवणारा तक्ता म्हणजे एन्कोडिंग. यूटीएफ-८ या तक्त्यात ‘क’ साठी तीन बाइट लागतात: ई०, ए४, ९५ (बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत लिहितात, म्हणून आकड्यांत अक्षरं दिसतात). देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलंतसुद्धा प्रत्येकी तीन बाइट घेतं. इंग्रजी अक्षराला एकच बाइट पुरतो. म्हणूनच इंग्रजी फाइल कोणत्याही तक्त्याने वाचली तरी बहुधा चालून जाते, आणि मराठीचा पहिला शब्द टाकला की बिंग फुटतं.

२. पहिल्या ओळीत यूटीएफ-८ लिहिलंय, तरी एरर यायलीय. असं कसं?

पहिली ओळ हे फक्त लेबल आहे. डब्यावर ‘तूरडाळ’ लिहिलं म्हणून आतल्या हरभऱ्याची तूर होत नाही. एडिटरने बाइट वेगळ्या तक्त्याने लिहिले असतील, तर पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम) लेबलवर विश्वास ठेवून वाचायला लागतो आणि पहिल्याच विसंगत बाइटपाशी थांबतो. एक्सएमएलचा १९९८ चा मूळ नियमच असा आहे की अशी चूक सापडली की पार्सरने अंदाज बांधून पुढे जायचं नाही. वेब पान बिघडलं तरी ब्राउझर कसंबसं दाखवतो, एक्सएमएल पार्सर तसं करत नाही. हा कडकपणा आपल्या फायद्याचा आहे, नाहीतर चुकीची नावं गुपचूप डेटाबेसमध्ये गेली असती.

उपाय म्हणजे लेबल न बदलता फाइल खरोखरच यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करणं. लेबलवर ‘अँसी’ (विंडोजचा जुना तक्ता) किंवा ‘युनिकोड’ असं लिहू नका, ही एन्कोडिंगची मान्य नावं नाहीत. यूटीएफ आणि ८ यांच्यामधली आडवी रेघही गाळू नका, काही पार्सर ती नसेल तर नाव ओळखत नाहीत. एन्कोडिंगचा उल्लेखच नसेल आणि सुरुवातीला यूटीएफ-१६ या दुसऱ्या तक्त्याची खूण नसेल, तर पार्सर यूटीएफ-८ धरूनच चालतो.

३. मराठीच्या जागी काहीतरी भलतंच दिसायलंय. फाइल गेली का?

काय दिसतंय त्यावर आहे. उत्तर देण्याआधी आम्ही पहिली गोष्ट हीच विचारतो.

रिकामे चौकोन दिसत असतील तर निर्धास्त राहा. बाइट शाबूत आहेत, त्या मशीनवर देवनागरी फॉन्ट नाही इतकंच. फॉन्ट टाका, फाइलला हात लावू नका.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए आणि त्याला चिकटून येनचं चिन्ह किंवा चार कोपऱ्यांना टोकं असलेलं वर्तुळ, अशी जोडी पुन्हा पुन्हा येत असेल, तर यूटीएफ-८ मधली मराठी विंडोज-१२५२ या युरोपीय भाषांच्या जुन्या तक्त्याने वाचली जातेय. देवनागरीचं प्रत्येक अक्षर ई० आणि मग ए४ किंवा ए५ या बाइटनी सुरू होतं, म्हणून तीच जोडी सारखी दिसते. हे बहुतेक वेळा पूर्ण दुरुस्त होतं, पाहा प्रश्न ५.

काळ्या चौकटीतलं पांढरं प्रश्नचिन्ह म्हणजे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला बाइट समजले नाहीत. फाइल अजून सेव्ह केली नसेल तर मूळ बाइट डिस्कवर आहेत. तिथून सेव्ह न करता बाहेर पडा.

साधी प्रश्नचिन्हं, एका ओळीत सात-आठ, असतील तर पुढचा प्रश्न वाचा.

४. सगळीकडे ‘????’ झालंय. परत मराठी आणता येईल का?

त्या फाइलमधून नाही. प्रश्नचिन्ह हा आता खराच प्रश्नचिन्हाचा बाइट आहे, त्याच्यामागे काही लपलेलं नाही. विंडोजमध्ये देवनागरीसाठी ‘अँसी’ तक्ता कधी नव्हताच. म्हणून मराठी असलेली फाइल अँसीत सेव्ह केली की प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. जुनं नोटपॅड तसं करण्याआधी इशारा द्यायचं, पण चौकट समोर आली की ‘ओके’ दाबायची सवय सगळ्यांनाच असते.

ऐन सोयाबीनच्या हंगामात एका आडत दुकानावरून सकाळी सातला फोन आला होता. मोंढ्यात गाड्या लागलेल्या, आणि पट्टीवर शेतकऱ्याचं नाव नीट, पण ‘हमाली’, ‘तोलाई’, ‘आडत’ या सगळ्या मथळ्यांच्या जागी प्रश्नचिन्हं. नावं डेटाबेसमधून येत होती, मथळे कॉन्फिगमधून. आदल्या रात्री मुनीमजींनी हमालीचा दर बदलून फाइल सेव्ह केली होती. सुदैवाने दोन दिवसांपूर्वीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर सापडला. तो नसता तर चाळीसेक मथळे जुन्या पट्ट्या समोर ठेवून हाताने टाइप करावे लागले असते. म्हणून कॉन्फिग फाइल उघडण्याआधी तिची कॉपी करा, नावात तारीख टाका, आणि मगच पुढे जा.

५. ती ए आणि येनची जोडी दिसतेय. दुरुस्त कशी करू?

आधी कॉपी करा. मग बघा की बिघाड फक्त दिसण्यातला आहे की बाइटमधला. नोटपॅड प्लस प्लसमध्ये फाइल उघडून एन्कोडिंग मेनूतून नुसतं ‘यूटीएफ-८’ निवडा. ‘कन्व्हर्ट टू’ने सुरू होणारे पर्याय नकोत. नुसता पर्याय बाइट तसेच ठेवून वाचण्याचा तक्ता बदलतो, ‘कन्व्हर्ट’ मात्र बाइटच नव्याने लिहितो. हा फरक न कळल्यामुळे जेवढ्या फाइल बिघडतात, तेवढ्या दुसऱ्या कशाने बिघडत नसतील. व्हीएस कोडमध्ये हेच दोन पर्याय ‘रीओपन विथ एन्कोडिंग’ आणि ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ या नावांनी येतात. मराठी दिसली तर काम झालं.

यूटीएफ-८ म्हणून उघडल्यावरही कचराच दिसत असेल, तर फाइल दोनदा एन्कोड झालीय: कोणीतरी चुकीच्या तक्त्याने वाचलेला कचरा तसाच यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलाय. मग उलट्या पावली जायचं. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘कन्व्हर्ट टू अँसी’, आणि त्यानंतर नुसतं ‘यूटीएफ-८’.

एक मेख आहे. विंडोज-१२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच बाइटना अक्षरच नाही. देवनागरीत ८१ वर संपतो ऱ्हस्व उकार, ८डी वर हलंत, ८एफ वर ए, ९० वर ऐ, ९डी वर झ. काही प्रोग्रॅम हे पाच बाइट तसेच पुढे नेतात, काही गाळतात, पायथनसारखे थेट एरर देतात. शिवाय ‘ठ’ चा शेवटचा बाइट ए० आहे, जो त्या तक्त्यात न तुटणारी स्पेस होतो. मध्ये कोणी तिची साधी स्पेस केली की ‘मराठी’तला ठ गेला. म्हणून दुरुस्तीनंतर जोडाक्षरं, उकार आणि ‘ठ’ असलेले शब्द एकेक करून डोळ्यांनी तपासा. ‘महाराष्ट्र’, ‘तुळजापूर’ आणि ‘पैठण’ हे तीन शब्द नीट आले, तर बाकीचं बहुधा नीट आलंय.

६. ‘कंटेंट इज नॉट अलाउड इन प्रोलॉग’ अशी एरर येतेय. फाइल तर अगदी स्वच्छ दिसतेय!

जावाच्या पार्सरचा हा संदेश म्हणजे पहिल्या कोनी कंसाच्या आधी काहीतरी आहे. बहुतेक वेळा ते बॉम असतं: ईएफ, बीबी, बीएफ हे तीन न दिसणारे बाइट, जे काही एडिटर यूटीएफ-८ ची खूण म्हणून सुरुवातीला लावतात. नियमाप्रमाणे पार्सरने बॉम स्वीकारायला हवं. पण मधल्या कोडने फाइल आधी स्ट्रिंगमध्ये (म्हणजे अक्षरांच्या रूपात) वाचली असेल, तर बॉम एक अक्षर बनून आत शिरतं. डॉटनेटमध्ये हाच प्रकार ‘डेटा ॲट द रूट लेव्हल इज इन्व्हॅलिड, लाइन १, पोझिशन १’ म्हणून येतो.

वर रिकामी ओळ किंवा स्पेस असली तरी एरर येते, फक्त तिचा संदेश वेगळा असतो. एक्सएमएल घोषणा (प्रश्न २ मधली लेबलची ओळ) फाइलच्या पहिल्या बाइटपासूनच सुरू व्हावी लागते, वर एक एंटरही चालत नाही. दोन फाइल जोडल्यामुळे मध्येच आलेल्या दुसऱ्या घोषणेचंही तसंच. बॉम आहे का ते नोटपॅड प्लस प्लसमध्ये खाली उजवीकडे दिसतं. लिनक्सवर एक्सएक्सडी या कमांडने पहिले १६ बाइट बघितले की संशयाला जागा राहत नाही.

७. मग साधं नोटपॅड वापरूच नये का?

विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड नवीन फाइल बॉम नसलेल्या यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं, तिथे चालेल. त्याआधीच्या विंडोजवर मुळीच नको: तिथे मूळ पर्याय अँसी, आणि यूटीएफ-८ निवडलं तरी बॉम चिकटतं. तालुक्याच्या ठिकाणी विंडोज ७ ची मशीन अजून भरपूर चालू आहेत, म्हणून हे सांगावं लागतं.

नोटपॅडपेक्षा जास्त घात पॉवरशेल (विंडोजमध्ये कमांड टाइप करून काम करण्याचा प्रोग्रॅम) करतं. विंडोजसोबत येणाऱ्या ५.१ आवृत्तीत ‘>’ वापरून फाइल बनवली की ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते. लेबल यूटीएफ-८, बाइट यूटीएफ-१६. फाइलचा आकार अचानक जवळपास दुप्पट झाला असेल तर पहिला संशय इथे घ्या.

८. गावाचं नाव बदलल्यापासून एक्सपोर्ट केलेली फाइल उघडेना. जुन्या नावाला कधीच अडचण आली नव्हती.

हा प्रश्न खास आपल्या भागाचा, आणि २०२३ नंतर सतत येणारा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जिल्ह्याच्या रकान्याला समजा ३० बाइटची मर्यादा आहे. ‘औरंगाबाद’ म्हणजे ८ चिन्हं, २४ बाइट, आरामात बसायचं. ‘उस्मानाबाद’ म्हणजे १० चिन्हं, बरोबर ३० बाइट, काठोकाठ. ‘धाराशिव’ तर २१ मध्येच होतं. पण ‘छत्रपती संभाजीनगर’ला १६ चिन्हांचे ४८ आणि मधल्या स्पेसचा एक, असे ४९ बाइट लागतात. सॉफ्टवेअर ३० व्या बाइटवर कात्री चालवतं. तोवर ‘छत्रपती सं’ लिहून झालेलं असतं आणि ‘भ’ चे तीनपैकी दोनच बाइट आत आलेले असतात. तिसऱ्याच्या जागी बंद टॅगचा कोनी कंस येतो, आणि पार्सर सांगतो: ‘इन्व्हॅलिड बाइट ३ ऑफ ३-बाइट यूटीएफ-८ सीक्वेन्स’.

असा आकडेवार संदेश दिसला की अर्धवट कापलेल्या अक्षराचाच संशय घ्या. फाइलमधले ते दोन अनाथ बाइट काढले की ती उघडेल, पण खरा इलाज रकान्याची मर्यादा वाढवणं आणि ती बाइटऐवजी अक्षरांत मोजणं. ‘छ. संभाजीनगर’ असं लिहून वेळ मारून नेऊ नका. पुढे दोन वेगवेगळी नावं डेटाबेसमध्ये नांदतात आणि जिल्हावार बेरीज चुकते.

९. वर्ड किंवा व्हॉट्सॲपवरून मजकूर चिकटवला आणि बिघडलं. दिसायला तर काहीच फरक नाही.

न दिसणारं काहीतरी सोबत आलंय. तीन नेहमीचे पाहुणे आहेत. एक, वर्डची वळलेली अवतरणचिन्हं: ॲट्रिब्यूटभोवती (टॅगच्या आत लिहिलेल्या माहितीभोवती) सरळच अवतरण लागतं. दोन, न तुटणारी स्पेस: एक्सएमएल फक्त साधी स्पेस, टॅब आणि ओळ बदलणारी दोन चिन्हं यांनाच मोकळी जागा मानतं, त्यामुळे दोन ॲट्रिब्यूटच्या मध्ये ही आली की एरर. तीन, वर्डमध्ये शिफ्ट-एंटरने केलेली ओळ, जी ११ क्रमांकाचं नियंत्रक चिन्ह बनून येऊ शकते. ३२ च्या खालच्या चिन्हांपैकी एक्सएमएल १.० मध्ये फक्त ९, १० आणि १३ चालतात. ११ क्रमांकाचं चिन्ह नुसता त्याचा आकडा देऊन लिहिलं तरी चालत नाही.

नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘शो ऑल कॅरेक्टर्स’ चालू करा. तरी सापडेना तर कॉपीतला अर्धा मजकूर काढून तपासा, मग उरलेल्याचा अर्धा. हजार ओळींची फाइल दहा वेळांत एका ओळीवर येते.

१०. दुकानाच्या नावात ‘&’ आहे. त्याचंही एन्कोडिंग बदलायचं का?

नाही, हा एन्कोडिंगचा प्रश्नच नाही. ‘पाटील & सन्स’मधलं ते चिन्ह एक्सएमएलसाठी राखीव आहे. त्याच्या जागी & लिहून लगेच ए, एम, पी ही रोमन अक्षरं आणि अर्धविराम टाका. किंवा सरळ ‘आणि’ लिहा.

११. पोर्ट नंबर मराठी अंकांत लिहिला तर चालेल?

चालेल कधी, अडेल कधी, आणि हीच खरी भीती. जावा आणि पायथन ‘८०८०’चा आकडा करून घेतात, डॉटनेट नाकारतं. स्कीमा (फाइलच्या रचनेचे नियम) लावून तपासणी होत असेल, तर पूर्णांकात इंग्रजी अंकच मान्य. अक्षराचा संदर्भ आकड्याने देताना, जसं ‘क’ साठी २३२५, तिथेही इंग्रजी अंकच लागतात. लोकांना दिसणाऱ्या मजकुरात मराठी अंक खुशाल वापरा, मशीनने वाचायच्या जागी नको.

१२. ‘ॲडमिन’ नावाची नोंद फाइलमध्ये आहे, तरी सॉफ्टवेअर ‘सापडत नाही’ म्हणतंय. स्पेलिंग दहादा तपासलं.

तुमचे डोळे बरोबर आहेत, बाइट वेगळे आहेत. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी आणि आजही काही कीबोर्डवर ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिलं जातं, मध्ये कधी न दिसणारं जोडचिन्हही असतं. दिसायला एकच, तुलनेत वेगळे. ‘शेतकऱ्यां’मधल्या ‘ऱ्य’चंही तसंच आहे: तो ‘ऱ’पासूनही होतो आणि ‘र’, हलंत, जोडचिन्ह यांपासूनही. युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केल्यावर ‘र’ला नुक्ता जोडून लिहिलेला ‘ऱ’ एकसारखा होतो, पण वरचे दोन प्रकार एक होत नाहीत. ते स्वतःच्या कोडमध्ये बदलून घ्यावे लागतात.

म्हणून आमचा आग्रह असतो की ज्या नावांनी नोंद शोधायची ती, आणि टॅगची नावंही, रोमनमध्ये ठेवा. एक्सएमएल मराठी टॅगला परवानगी देतं, पण मराठीची खरी जागा किमतीत (व्हॅल्यूत, म्हणजे टॅगमध्ये ठेवलेल्या मजकुरात) आहे, जिथे माणूस ती वाचतो.

१३. जुनी फाइल कुठल्याही एन्कोडिंगने उघडली तरी मराठी येत नाही. फॉन्ट बदलला की मात्र दिसते!

ती युनिकोड मराठी नाहीच. श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या डीव्हीबी-टीटी सारख्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठीची चित्रं बसवलेली असत. फाइलच्या दृष्टीने तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हंच आहेत. इथे एन्कोडिंग बदलून हाती काही लागणार नाही. कोणता फॉन्ट होता ते आधी शोधा आणि त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर वापरा. दुसऱ्या फॉन्टचा वापरलात तर अर्धे शब्द बरोबर येतात, आणि ते जास्त वाईट, कारण चूक लगेच लक्षात येत नाही.

१४. एकाच फाइलमध्ये मराठी, उर्दू आणि तेलुगू ठेवता येईल का?

येईल, यूटीएफ-८ त्यासाठीच आहे. नांदेड, देगलूर, बिलोलीकडून हा प्रश्न हमखास येतो. तिथे एका दुकानाचे ग्राहक तिन्ही भाषांचे असतात, आणि निजामकाळातल्या महसुली कागदांत उर्दू असल्यामुळे जुनी नावं तशीच हवी असतात. त्रास होतो तो पडद्यावर. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे एडिटरमध्ये अवतरणचिन्हं आणि टॅग जागा बदलल्यासारखे दिसतात. फाइलमध्ये क्रम बरोबरच असतो, हाताने ‘सरळ’ करायला जाऊ नका. उर्दूची प्रत्येक किंमत वेगळ्या ओळीवर ठेवली की वाचायला सोपं जातं.

मोडी टाकायची असेल तर एक खबरदारी. मोडीच्या प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात, आणि मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ८’ तीनच बाइट घेतं. तिथे ‘यूटीएफ८एमबी४’ हवं.

१५. माझ्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर नाही. फाइल तीच आहे.

मग फाइल सोडा, कोड बघा. जावा १८ च्या आधी, म्हणजे २०२२ पर्यंत, एन्कोडिंग न सांगता उघडलेली फाइल ऑपरेटिंग सिस्टीमच्या तक्त्याने वाचली जायची: विंडोजवर एक, लिनक्सवर दुसरा. पार्सरला बाइटचा प्रवाह द्या, आधी अक्षरांत बदलून देऊ नका. बाइट मिळाले की तो स्वतः पहिली ओळ वाचून ठरवतो.

डॉटनेटमध्ये स्ट्रिंगरायटरने बनवलेल्या एक्सएमएलवर यूटीएफ-१६ असं लेबल लागतं. तोच मजकूर पुढे यूटीएफ-८ मध्ये सेव्ह झाला की लेबल आणि माल जुळत नाहीत (प्रश्न २). फाइल नेटवरून येत असेल, तर २०१४ च्या नियमाप्रमाणे आधी बॉम, मग सर्व्हरने सांगितलेला तक्ता, आणि शेवटी पहिली ओळ असा मान असतो. म्हणजे फाइल बरोबर असूनही सर्व्हरची एक चुकीची सेटिंग ती बिघडवू शकते.

१६. एवढं करूनही जमलं नाही. मदत मागताना काय पाठवू?

फाइल झिप करून पाठवा. मजकूर कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवला की बाइट बदलतात, आणि ज्याचा शोध घ्यायचा तेच निघून जातं. स्क्रीनशॉट फक्त एररचा, पूर्ण संदेशासकट. सोबत फाइल शेवटची कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडली होती ते, विंडोजची आवृत्ती आणि बिघडण्याआधीची कॉपी असेल तर तीही. कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असतो. तो काढायला फाइल पुन्हा एडिट करू नका, सेव्ह करताना बाइट बदलतील. फाइल आहे तशी, ज्याच्यावर विश्वास आहे अशाच माणसाला द्या, आणि काम झालं की त्याच दिवशी पासवर्ड बदला.